एका रुईगाठीत एकतीस प्रकाशवर्षं

१९९४ साली नेदरलँड्समधल्या टिलबर्ग शहरात दोन गोष्टी घडल्या. ह्यूव्हल या मुख्य चौकातलं शेकडो वर्षांचं लिंडनचं झाड तोडलं गेलं, कारण चौकाखाली सायकली ठेवायला तळघर करायचं होतं. त्याच वर्षी गावात एक कारखाना सुरू झाला. घरोघरच्या भाजीच्या साली, फळांची टरफलं आणि बागेतला पालापाचोळा खाऊन गॅस तयार करायचा, हे त्याचं काम. असा ओला कचरा वेगळा गोळा करणं डच नगरपालिकांना १९९४ पासूनच सक्तीचं झालं होतं. त्या कचऱ्याचं तिकडचं नाव तीन अक्षरांचं आहे. अर्थ सरळ: भाजी, फळं, बाग.

कारखान्याची क्षमता होती वर्षाला सुमारे ५२,००० टन. कचरा मुरत ठेवायला ३,३०० घनमीटरच्या दोन टाक्या. आपल्या उन्हाळ्याच्या भाषेत सांगायचं तर एकेका टाकीत दहा हजार लिटरचे ३३० टँकर रिकामे होतील. या टाक्यांत जिवाणू साधारण तीन आठवडे कचरा चघळत बसतात.

तोडलेलं झाड आणि चघळला जाणारा कचरा, दोन्हींत माल एकच. रसायनशास्त्रात त्याला पॉलिसॅकराइड म्हणतात, म्हणजे साखरेच्या कड्या एकात एक अडकवून केलेली लांब साखळी. ती साखळी किती लांब, कुलूप किती पक्कं, आणि तीन आठवड्यांचं काम दोन मिनिटांत करतो म्हणणारा मायक्रोवेव्ह कुठे पुरा पडतो नि कुठे नाही, याचा हा हिशेब. आकडे मोठे आहेत. पण कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर एकूण एक पडताळून पाहता येतील.

फुलवातीपासून शनीपर्यंत

सुरुवात देवघरातून करू. चार-सहा फुलवातींचा कापूस हातात घ्या. धरून चाला की त्यात एक ग्रॅम सेल्युलोज आहे. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची सरळसोट साखळी. एका कडीची लांबी अर्ध्या नॅनोमीटरहून किंचित जास्त, ०.५१५ नॅनोमीटर. आपल्या केसाच्या जाडीत अशा दीड लाख कड्या ओळीने बसतील.

एका ग्रॅममध्ये कड्या किती? ३७ वर वीस शून्यं. या सगळ्या कड्या एकापुढे एक मांडल्या तर लांबी भरते १९१ कोटी किलोमीटर. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटरवर आहे. शनी सूर्यापासून सरासरी १४३ कोटींवर. म्हणजे निरांजनात जळून जाणाऱ्या त्या चिमूटभर कापसाची साखळी सूर्यापासून निघाली तर शनीला मागे टाकून पुढे जाईल. प्रकाशालाच एवढं अंतर कापायला पावणेदोन तास लागतात.

आता चिमूट सोडून गादीकडे येऊ. साडेपाच किलो रुई म्हणजे साधारण पाच किलो सेल्युलोज. त्याची साखळी एक प्रकाशवर्ष लांब. आपण रात्री ज्यावर पाठ टेकतो त्या गादीत दोन-तीन प्रकाशवर्षं भरलेली असतात आणि तरी ती मधे दबलेली म्हणून आपण पिंजाऱ्याला हाक मारतो.

यवतमाळच्या किंवा अकोल्याच्या जिनिंगमधून बाहेर पडणारी रुईची गाठ १७० किलोची. तिच्यातली साखळी एकतीस प्रकाशवर्षं. व्याध आपल्यापासून साडेआठ प्रकाशवर्षांवर, अभिजित पंचवीसवर, स्वाती सदतीसवर. एक गाठ अभिजित ओलांडते आणि स्वातीच्या थोडं अलीकडे संपते. चांगल्या वर्षी महाराष्ट्रात ऐंशी लाखांच्या आसपास गाठी होतात. त्या सगळ्यांची साखळी पंचवीस कोटी प्रकाशवर्षांच्या घरात जाते. देवयानी दीर्घिका पंचवीस लाख प्रकाशवर्षांवर आहे. तिथवर पन्नास वेळा जाऊन परत यावं एवढा धागा विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातला शेतकरी एका हंगामात ट्रॉलीत घालून बाजारात आणतो आणि भाव काय निघाला म्हणून विचारतो.

टिलबर्गचं लिंडन या हिशेबात परकं नाही. आजचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिंडन आणि कापूस एकाच कुळात घालतात. भेंडी, जास्वंद, अंबाडी, फालसा हीदेखील त्याच घरातली. लाकडात सेल्युलोज कापसाएवढं शुद्ध नसतं, साधारण ४० ते ४५ टक्केच असतं. तरी पाच टन कोरडं लाकूड असलेलं एखादं मोठं झाड घेतलं तर त्यातली साखळी साडेचारशे प्रकाशवर्षांची होते. आपली आकाशगंगा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे एक लाख प्रकाशवर्षं. अशी सव्वादोनशे झाडं आकाशगंगा ओलांडतात. तेवढी झाडं पुण्यातल्या एखाद्या जुन्या कॉलेजच्या आवारातही असतील.

आणि पृथ्वी? दर वर्षी जगातल्या वनस्पती मिळून किती सेल्युलोज विणतात याचा नेहमी सांगितला जाणारा सावध अंदाज दहा हजार कोटी टनांचा आहे. सेकंदाला तीन हजार टनांहून जास्त. तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत पंधरा-वीस हजार टन विणून झालं. माणशी वाटायला घेतलं तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला बारा टन येतं. त्या एका वर्षाच्या मालाची साखळी दृश्य विश्वाच्या व्यासाच्या दोनशे पट भरते.

सत्तेचाळीस लाख वर्षांचं कुलूप

एवढी साखर आसपास पडलेली असताना माणसं उपाशी का राहिली? कारण एका जोडणीची दिशा.

भाकरीतला स्टार्चही ग्लुकोजचाच, लाकडातलं सेल्युलोजही ग्लुकोजचंच. स्टार्चमध्ये कड्या एका बाजूने वळवून जोडलेल्या असतात म्हणून साखळी गोल-गोल जाते आणि आपल्या लाळेला ती तोडता येते. सेल्युलोजमध्ये प्रत्येक कडी आधीच्या कडीच्या उलट फिरवून बसवलेली असते, त्यामुळे साखळी काठीसारखी ताठ. अशा दीड-दोन डझन काठ्या शेजारी-शेजारी घट्ट बसल्या की तीन नॅनोमीटर जाडीचा दोरा होतो. लाकडातल्या एका साखळीत दहा हजारांच्या आसपास कड्या, म्हणजे लांबी पाच हजार नॅनोमीटर. आपल्या आतड्याला ही गाठ सुटत नाही. आपल्यापेक्षा गाय बरी. म्हणजे तिच्या पोटातले जिवाणू बरे.

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात रिचर्ड वोल्फेंडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण मोजमाप प्रसिद्ध केलं. साध्या पाण्यात, खोलीच्या तापमानाला, कुणीही हात न लावता अशी जोडणी आपोआप तुटायची म्हटली तर किती वेळ लागेल? निम्म्या जोडण्या तुटायला ४७ लाख वर्षं. माणूस नावाची जात पृथ्वीवर येऊन तीन लाख वर्षं झाली. जिवाणूंची पाचक द्रव्यं हेच काम सेकंदाच्या अंशात करतात.

लाकडात सेल्युलोज एकटं नसतं. त्याच्याभोवती हेमिसेल्युलोज गुंडाळलेलं असतं. ही दुसरी पॉलिसॅकराइडं, लाकडाच्या पंचवीस ते तीस टक्के भरतील एवढी, शंभर-दोनशे कड्यांची, फांद्या फुटलेली आणि बरीच मवाळ. आणि या दोघांवर लिग्निनचं सिमेंट ओतलेलं. गज, जाळी आणि काँक्रीट, असा हा स्लॅब. काढण्याजोगी गोष्ट आहे ती मधली जाळी. औषधाच्या गोळीचं आवरण, खाण्यातला तंतू, खाद्यपदार्थ दाट करणारी पूड, च्युइंगगममधला झायलिटॉल, असे तिचे शंभर उपयोग. जाळी काढायची तर काँक्रीट सैल करायला हवं. आणि इथे टिलबर्गचा जुना इतिहास मदतीला येतो.

घड्याघड्यांचं गाव

टिलबर्ग हे लोकरीचं गाव. १८८१ साली तिथे लोकरीच्या १४५ गिरण्या होत्या. लोकर म्हणजे प्रथिन, साखरेची साखळी नव्हे. पण तिचाही चिवटपणा मोडावा लागायचा. लोकरीचं तेल आणि मळ घालवायला अमोनिया हवा, आणि अमोनियाचा सर्वांत स्वस्त झरा म्हणजे शिळं मूत्र. म्हणून गरीब विणकरांची घरं ते घड्यांत साठवून गिरणीला विकायची. शेजारच्या गावांनी टिलबर्गकरांना 'घड्यात मुतणारे' असं नाव ठेवलं. टिलबर्गकरांनी ते इतक्या अभिमानाने मिरवलं की आजही कार्निव्हलच्या दिवसांत शहराचं नावच 'घड्यांचं गाव' होतं.

माणशी दिवसाला दीड लिटर. हजार माणसांच्या वस्तीचे दिवसाला दीड हजार लिटर, वर्षाला साडेपाच लाख लिटर. हसू येतं, पण त्यामागचं रसायन चोख आहे. निसर्गातला चिवट पदार्थ सैल करायचा तर तीन गोष्टी लागतात: क्षार किंवा आम्ल, उष्णता आणि वेळ. लाकडातून हेमिसेल्युलोज काढण्याची जुनी पद्धत हीच. भुसा क्षारात किंवा गरम पाण्यात घालायचा आणि तासन् तास उकळत ठेवायचा. रसायन कमी करायचं असेल तर उष्णता वाढवा, उष्णता वाढवायची नसेल तर वेळ द्या. टिलबर्गच्या जिवाणू-टाक्यांनी वेळ निवडला, तीन आठवड्यांचा. मायक्रोवेव्हने उष्णता निवडली.

सेकंदाला २४५ कोटी हेलकावे

मायक्रोवेव्ह ओव्हनचा जन्म युद्धातला. १९४० मध्ये बर्मिंगहॅममध्ये रँडल आणि बूट यांनी रडारसाठी दमदार मॅग्नेट्रॉन घडवला. अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीतला पर्सी स्पेन्सर त्याच मॅग्नेट्रॉनवर काम करत होता. खिशातलं चॉकलेट वितळलेलं पाहून त्याला कल्पना सुचली आणि ८ ऑक्टोबर १९४५ रोजी त्याने पेटंटचा अर्ज केला. १९४७ मध्ये बाजारात आलेला पहिला ओव्हन माणसाएवढा उंच होता आणि वजन ३४० किलो. नवराबायको आणि दोन मुलं एकत्र तोलली तरी त्यापेक्षा कमी भरतील.

आजच्या ओव्हनमधली लहर सेकंदाला २४५ कोटी हेलकावे घेते. एका हेलकाव्यात विद्युत क्षेत्राची दिशा दोनदा पालटते, म्हणजे सेकंदाला ४९० कोटी वेळा. पाण्याचा रेणू एका टोकाला किंचित धन, दुसऱ्या टोकाला किंचित ऋण. क्षेत्र पालटलं की तोही वळू पाहतो, शेजाऱ्यांवर आदळतो, आणि ही रेटारेटी म्हणजेच उष्णता. पाण्याच्या रेणूची 'नैसर्गिक थाप' या लहरीशी जुळते म्हणून ते तापतं, असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. ते खरं नाही. पाणी जिथे सर्वांत जास्त ऊर्जा शोषतं तो आकडा याच्या सात-आठ पट वर आहे. तो वापरला असता तर बटाट्याची सालच करपली असती आणि आतला गर कच्चा राहिला असता.

हजार वॅटचा ओव्हन एका सेकंदात प्रकाशकणांसारखे किती कण ओततो? सहावर सव्वीस शून्यं. दृश्य विश्वातल्या एकूण ताऱ्यांचा जास्तीत जास्त अंदाज एकावर चोवीस शून्यांचा आहे. म्हणजे सगळ्या ताऱ्यांच्या सहाशे पट कण, एका सेकंदात, तुमच्या कपभर चहासाठी. घरातला वायफायही अनेकदा याच पट्ट्यात बोलतो, पण त्याची ताकद ०.१ वॅट, ओव्हनच्या दहा हजारावा हिस्सा.

एवढे कण साखळीवर तुटून पडले तर ती तुटायला हवी ना? नाही. एकेक कण फार दुबळा आहे. साखळीतली एक जोडणी तोडायला लागते तेवढी ऊर्जा जमवायला साडेतीन लाखांहून जास्त कण एकाच जागी, एकाच क्षणी यावे लागतील. पंढरीच्या वारीत लाखो माणसांनी एकेक फुंकर मारली म्हणून देवळाचा कळस हलत नाही. शिवाय लहर नेम धरू शकत नाही. तिची लांबी १२.२ सेंटिमीटर, कडीची अर्धा नॅनोमीटर. एका लहरीच्या लांबीत चोवीस कोटी कड्या मावतात. मायक्रोवेव्ह ही कात्री नव्हे. ती शेगडी आहे, पण आतून पेटणारी.

नागपंचमीच्या लाह्या

आतून पेटणं म्हणजे काय ते नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या फोडताना दिसतं. ज्वारी ओलसर करून ठेवायची, कढई तापवायची, मूठभर दाणे टाकायचे. दाण्यातल्या पाण्याची वाफ होते, पण साल तिला बाहेर पडू देत नाही. मक्याच्या दाण्यावर झालेली मोजमापं सांगतात की आतलं तापमान १८० अंशांच्या आसपास गेलं आणि दाब हवेच्या दहापटींजवळ पोचला की साल हार खाते. तड्. आतला स्टार्च, तोही पॉलिसॅकराइडच, पांढऱ्या फुलासारखा उलगडतो.

ओल्या लाकडाच्या किंवा सालीच्या तुकड्यावर मायक्रोवेव्ह सोडले की प्रत्येक पेशीत असंच काहीसं घडतं. बाहेरून तापवताना उष्णता सालीकडून गाभ्याकडे रांगत जाते. मायक्रोवेव्ह पाणी जिथे आहे तिथेच तापवतात, आणि पाणी पेशीच्या आत आहे. वाफेने भिंती फुगतात, फाटतात, आणि आतला माल पाण्यात येतो.

१९८६ मध्ये बुडापेस्टच्या गांझलर आणि सहकाऱ्यांनी बिया, अन्न, माती अशा नमुन्यांतून घटक काढायला मायक्रोवेव्ह वापरून दाखवला. पुढे लाकडाची पाळी आली. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात २००३ च्या सुमाराला स्प्रूसचं लाकूड घेतलं. हे आपल्या देवदाराच्या नात्यातलं झाड. ते बंद भांड्यात पाण्यासह २०० अंशांच्या आसपास काही मिनिटं तापवून त्यातलं हेमिसेल्युलोज बाहेर काढलं. पोर्तुगालच्या आव्हेरू विद्यापीठाने कॉफीच्या गाळावर तेच केलं, आणि २०१४ मध्ये बिअरच्या चोथ्यावर: तापमान १४० ते २१० अंश, वेळ दोन मिनिटं.

दोनशे अंशांचं पाणी वाफ होऊ नये म्हणून दाब लागतो हवेच्या सुमारे पंधरापट. आपला कुकर शिट्टी देतो तेव्हा आत दुप्पट दाब आणि १२० अंश असतात. हा सात-आठ कुकर एकावर एक चढवल्यासारखा प्रकार, म्हणून प्रयोगशाळेतली भांडी खास जाड बनावटीची. घरच्या ओव्हनमध्ये झाकण घट्ट लावलेली बरणी ठेवू नये ती याचसाठी.

या भांड्यात एक सुंदर गोष्ट होते. हेमिसेल्युलोजच्या साखळीला जागोजागी ॲसिटिल नावाचे बारीक गट लटकलेले असतात. गरम पाण्यात ते सुटतात आणि त्यांचं ॲसिटिक आम्ल होतं. हेच ते व्हिनेगरमधलं आम्ल. आम्ल आलं की बाकीच्या जोडण्या भराभर तुटतात. बाहेरून थेंबभर रसायन न घालता लाकूड स्वतःच्याच व्हिनेगरात शिजतं. सत्तेचाळीस लाख वर्षांचं कुलूप उष्णता आणि हे घरचं आम्ल मिळून काही मिनिटांवर आणतात. घड्यांची गरज उरत नाही.

किती ग्रॅम, किती पाणी

इथवर वाचून वाटेल की टिलबर्गने टाक्या मोडीत काढून मायक्रोवेव्ह बसवावेत. तर मांडू हिशेब.

वर्षाला ५२,००० टन म्हणजे दिवसाला १४२ टन. ओला कचरा बहुतांशी पाणीच. एक किलो माल १५ अंशांवरून २०० वर न्यायला हजार वॅटच्या ओव्हनला तेरा मिनिटं लागतात. १४२ टनांसाठी असे तेराशे ओव्हन रात्रंदिवस, एक मिनिटही न थांबता चालायला हवेत. ओव्हन हजार वॅट देतो तेव्हा भिंतीतून सोळाशेच्या आसपास ओढतो. दिवसाची वीज झाली ५०,००० युनिट. डच घर वर्षाला सुमारे अडीच हजार युनिट वापरतं, दिवसाला सात. म्हणजे सात हजार घरांची वीज फक्त साली शिजवायला.

जिवाणूंच्या टाक्या उलट देणाऱ्या आहेत. टनामागे ८० घनमीटर गॅस धरला तर दिवसाला अकरा हजार घनमीटरहून जास्त. त्यातली ऊर्जा साठ हजार युनिटांवर. तिची वीज केली तर पंचवीस हजार युनिट हाती येतात. जिवाणू तीन आठवडे घेतात आणि पंचवीस हजार देतात. मायक्रोवेव्ह दोन मिनिटं घेतो आणि पन्नास हजार मागतो. कचऱ्याच्या ढिगाला जिवाणूच बरे.

वीज स्वस्त झाली तरी दुसरी अडचण तिथेच राहते. गार पाण्यात ही लहर जेमतेम दोन सेंटिमीटर शिरते, तेवढ्यातच तिचा जोर एक-तृतीयांशाच्या जवळ येतो. पाणी उकळीजवळ आलं की पाच सेंटिमीटर. ३,३०० घनमीटरची टाकी मायक्रोवेव्हसमोर ठेवली तर काठचं बोटभर पाणी तापेल आणि मधला सगळा माल तसाच थंड. म्हणून मोठ्या यंत्रांत माल पातळ थराने पट्ट्यावरून किंवा अरुंद नळीतून सरकवतात. अमेरिकेत कारखान्यांना ९१५ मेगाहर्ट्झची लांब लहर वापरता येते. ती पाण्यात दहा-बारा सेंटिमीटर जाते. इतकंच. विश्वाच्या दोनशे पट लांब साखळी सोडवायला निघालेलं यंत्र वीतभर खोलीवर अडतं.

मग हे तंत्र कुठे शोभतं? टिलबर्गच्याच हद्दीत उत्तराचा एक धागा आहे. शहराच्या कडेला कोनिंग्सहूव्हन मठ आहे. १८८१ मध्ये फ्रान्सहून आलेल्या साधूंनी तो वसवला आणि १८८४ पासून तिथे बिअर गाळली जाते, ला ट्राप नावाची. बिअर शंभर लिटर गाळली की मोड आणलेल्या सातूचा सुमारे वीस किलो ओला चोथा उरतो. मुठीत दाबला तर पाणी ठिबकतं, आणि हातात राहतात ती टरफलं. तो गायींना घालतात, आणि त्यात वाईट काही नाही. पण त्या टरफलांत अरॅबिनोझायलन नावाचं हेमिसेल्युलोज भरपूर असतं. माल एकजिनसी, रोज ताजा, धान्याचाच असल्यामुळे खाण्याच्या कामाचा. त्यातून काढलेली पूड गॅसच्या भावाने विकायची नसते. असा थोडा, स्वच्छ आणि महाग माल असेल तर वीज परवडते.

तिथेही पाणीच वैरी. एक किलो कोरड्या चोथ्याला दहा लिटर पाणी घातलं तर २०० अंशांपर्यंत जायला भिंतीतून साडेतीन युनिट जातात. शंभर ग्रॅम पूड हाती आली असं धरलं तर किलोला पस्तीस युनिट. पाणी निम्मं केलं की खर्च जवळपास निम्मा. गरम पाण्यातली उष्णता पुढच्या घाण्याला दिली की आणखी कमी. या क्षेत्रातली खरी स्पर्धा मिनिटांची नाही, लिटरांची आहे.

आपल्याकडचं चिपाड

जगभर वर्षाला सुमारे १९१ कोटी हेक्टोलिटर बिअर गाळली जाते. चोथा होतो ३ कोटी ८० लाख टन. आता हा दुसरा आकडा पाहा. २०२१-२२ च्या हंगामात महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांनी १३ कोटी टनांहून जास्त ऊस गाळला. उसाच्या २८ टक्के चिपाड, म्हणजे बगॅस, धरली तर ती होते ३ कोटी ७० लाख टन. साऱ्या जगाच्या बिअरचा चोथा आणि एकट्या महाराष्ट्राची एका हंगामाची बगॅस, पारडं जवळपास समान. शिवाय चोथ्यात तीन-चतुर्थांश पाणी, बगॅसमध्ये निम्मंच. कोरडा माल पाहिला तर एकटा महाराष्ट्र जगाच्या बिअरला दुपटीने भारी पडतो.

त्या बगॅसमध्ये ४५ लाख टनांच्या आसपास हेमिसेल्युलोज असतं. कारखाना ती बॉयलरमध्ये घालतो, वाफ करतो, उरलेली वीज महावितरणला विकतो. हा व्यवहार शहाणपणाचाच आहे. पण जाळायच्या दृष्टीने हेमिसेल्युलोज हा स्लॅबमधला सर्वांत हलका माल. लिग्निन किलोमागे त्याच्या दीडपट उष्णता देतं. जाळी काढून घेऊन गज आणि काँक्रीट जाळलं तर भट्टीचं फारसं बिघडत नाही. कारखान्यात वाफ आधीच तयार असते, म्हणून सगळी बगॅस शिजवायला मायक्रोवेव्ह आणण्यात अर्थ नाही. वाफेनेच शिजवावी. मायक्रोवेव्हची जागा प्रयोगशाळेत. कोणत्या जातीच्या उसातून, किती अंशांवर, किती मिनिटांत काय निघतं, हे दिवसाला पन्नास वेळा करून पाहायला त्याच्यासारखं साधन नाही.

त्यासाठी लागणाऱ्या दोन्ही बाजू मुंबईतच आहेत. पवईला आयआयटीच्या आवारात १९८४ पासून 'समीर' ही मायक्रोवेव्ह तंत्राला वाहिलेली सरकारी संस्था आहे. माटुंग्याला १९२४ पासून कापूस तंत्रज्ञानाची संस्था आहे, जिला आज 'सिरकॉट' म्हणतात आणि जिथे पऱ्हाटीपासून सेल्युलोजपर्यंत सगळ्यावर काम झालं आहे. पवई ते माटुंगा अंतर वीस किलोमीटरच्या आत. मघाच्या हिशेबात ते एका ग्रॅमच्या नऊ-दहा कोटींव्या हिश्श्याएवढ्या सेल्युलोजचं आहे.

यापुढे 'मायक्रोवेव्हने दोन मिनिटांत लाकडातून साखर' अशी बातमी वाचाल तेव्हा भारावून जायच्या आधी दोन प्रश्न विचारा: किती ग्रॅम, आणि किती लिटर पाण्यात? बातमीत ही दोन उत्तरं असतील तर ती कामाची. नसतील तर पान उलटा, आणि संध्याकाळी भाजीच्या साली ओल्या कचऱ्याच्या डब्यात वेगळ्या टाका. तीन आठवडे घेणारे जिवाणू आजही स्वस्त पडतात.